अवघड गणित कुणाजवळ बसून सोडवायचे?

संध्याकाळी मगरिबची नमाज होते, चहा होतो आणि घरोघरी दप्तरे उघडतात. सहावीतल्या मुलीला अपूर्णांकांची दहा उदाहरणे दिलेली असतात, आठवीतल्या मुलाला बैजिक राशींचे अवयव पाडायचे असतात. अम्मी सातवीपर्यंत शिकलेली. तिला वाचायला-लिहायला उत्तम येते, पण अवयव पाडण्यापर्यंत तिची शाळा पोहोचलीच नव्हती. अब्बा दुकान बंद करून दहाला येणार. मोठा भाऊ मोबाइलवरून नजर न काढता ‘थोड्या वेळाने सांगतो’ म्हणतो. ऐपत असेल तर शिकवणी लावलेली असते. नसेल तर पहिली तीन उदाहरणे सुटतात, चौथे अडते आणि उरलेली सकाळी शाळेत मैत्रिणीच्या वहीतून उतरवली जातात.

मुलांमुलांत अंतर पडते ते बहुतेक वेळा याच एका तासात. शाळेत पस्तीस मिनिटांच्या तासिकेत बाईंनी फळ्यावर रीत समजावलेली असते. ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते. अडते ते स्वतः करायला घेतल्यावर. म्हणजे ऐकण्याचे सोपे काम शिक्षकांसमोर होते आणि करण्याचे अवघड काम आपण घरी पाठवतो, जिथे विचारायला कुणी नसते. आईवडील पदवीधर असतील त्या घराला ही व्यवस्था जाचत नाही. जिथे शाळेत टिकलेली ही पहिलीच पिढी आहे, तिथे तीच व्यवस्था मुलाला दरवर्षी थोडे थोडे मागे टाकत जाते.

हे आधी सांगण्याचे कारण असे की, शाळांतून आता लॅपटॉप, टॅब आणि व्हिडिओ-पाठ येत आहेत. माहितीपत्रकावर ‘डिजिटल क्लासरूम’ असे ठळक छापले जाते, फीच्या पावतीत एक ओळ वाढते. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत गावकऱ्यांनी वर्गणी काढून प्रोजेक्टर बसवले आहेत. पैसा कोणत्याही वाटेने गेला तरी तो पालकांचाच. तेव्हा या यंत्रामुळे आपल्या मुलीचे ते चौथे उदाहरण सुटते का, एवढ्या एकाच मापाने ते मोजावे असे मला वाटते. बाकीची चमकदमक बाजूला ठेवू.

नादियाचे अडलेले गणित

व्हिडिओवरून शिकण्याची जी लाट जगभर गेली, तिची सुरुवात अगदी आपल्या घरांतल्यासारख्या प्रसंगातून झाली. २००४ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात सलमान खान नावाचा एक तरुण (सिनेमातला नव्हे) गुंतवणुकीच्या व्यवसायात नोकरी करत होता. वडील मूळचे बारिसालचे, म्हणजे आजच्या बांगलादेशातले, आई बंगालचीच, तो स्वतः लुइझियाना राज्यात जन्मला, वाढला. त्याच्या नात्यातली बारा वर्षांची बहीण नादिया दूर न्यू ऑर्लिन्सला राहायची. मुलगी हुशार, पण शाळेच्या चाचणीत एककांच्या रूपांतराशी अडली. ग्रॅमचे किलो, इंचांचे फूट करताना तिचा गोंधळ व्हायचा. तेवढ्यावरून शाळेने तिला गणिताच्या मंद गटात टाकले. त्या गटात गेलेले मूल पुढे वरच्या गणिताकडे जात नाही, हे घरच्यांना ठाऊक होते.

सलमान नोकरीवरून घरी आला की फोनवर तिला शिकवू लागला. दोघांच्या संगणकावर एकाच वेळी दिसेल अशी लिहिण्याची सोय वापरायची आणि उदाहरणे सोडवायची. नादिया सावरली. मग तिचे भाऊ आले, मग इतर नातेवाईकांची मुले आली. सगळ्यांच्या वेळा जमेनात, तेव्हा मित्राच्या सुचवण्यावरून २००६ मध्ये त्याने छोटे पाठ यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. काळी पाटी, रंगीत अक्षरे, मागून आवाज. चेहरा दिसतच नाही. त्यातून पुढे खान अकॅडमी उभी राहिली.

त्या मुलांनी दिलेला निकाल सलमान खान स्वतःच हसत सांगतो: समोरच्या भाईपेक्षा यूट्यूबवरचा भाई बरा! ऐकायला विचित्र वाटते, पण त्यात मर्म आहे. एखादी गोष्ट डोक्यात पहिल्यांदाच शिरत असताना समोरचा माणूस दर मिनिटाला ‘समजलं का?’ विचारतो, तेव्हा मूल ‘हो’ म्हणून सुटका करून घेते. व्हिडिओ थांबवता येतो, मागे नेता येतो, पाचव्यांदा ऐकला तरी तो वैतागत नाही. गेल्या वर्षीचे काही विसरले असेल तर ते गुपचूप पाहता येते. लाजऱ्या मुलांसाठी हा मोठाच दिलासा आहे. वर्गात हात वर न करणाऱ्या मुलींसाठी तर जास्तच.

मात्र ही गोष्ट सांगताना तिचा पहिला भाग बहुतेक जण विसरतात. नादिया व्हिडिओ पाहून सावरली नाही. तिच्यासाठी कामावरून थकून आलेला एक माणूस रोज फोनच्या दुसऱ्या टोकाला बसत होता. ती गप्प झाली की तोही थांबत होता, चुकली की कुठे चुकली ते शोधत होता. व्हिडिओ नंतर आले. आपल्याकडे शाळा व्हिडिओ विकत घेतात, तेव्हा तो फोनच्या टोकावरचा माणूस त्यात धरलेला नसतो.

कोलोरॅडोच्या डोंगरातले दोन मास्तर

तो माणूस वर्गात परत कसा आणायचा, याचे उत्तर दोन साध्या शाळामास्तरांनी शोधले. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात डोंगराळ भागात वुडलँड पार्क नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या हायस्कुलात जोनाथन बर्गमन आणि आरन सॅम्स रसायनशास्त्र शिकवत. गाव आडबाजूला असल्याने खेळांच्या सामन्यांना जायचे म्हणजे लांबचा प्रवास. मुलांचे तास बुडत. बुडालेला तास पुन्हा शिकवण्यात दोघांचा जीव मेटाकुटीला येई. २००७ साली त्यांनी संगणकाच्या पडद्यावर लिहिता लिहिता बोलायचे आणि ते रेकॉर्ड करायचे, असे सुरू केले. हेतू एवढाच की गैरहजर मुलांना पाठ मिळावा.

पण पाहू लागली ती हजर मुलेसुद्धा. मग दोघांच्या मनात आले: रीत सांगणे व्हिडिओत होऊ शकते, तर वर्गाचा वेळ त्यात का घालवायचा? मुलाला माझी गरज केव्हा असते? मी बोलत असतो तेव्हा नव्हे, तर ते अडते तेव्हा. त्यांनी सगळा क्रम उलटा केला. ऐकायचे ते रात्री घरी आणि उदाहरणे, प्रयोग, खाडाखोड हे सगळे वर्गात, मास्तरांच्या समोर. याला पुढे ‘फ्लिप्ड क्लासरूम’ असे नाव पडले. मराठीत ‘उलटा वर्ग’ म्हणू.

यात एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. सगळ्या मुलांच्या घरी चांगले इंटरनेट नव्हते, अमेरिकेतही नव्हते. म्हणून या मास्तरांनी पाठ डीव्हीडीवर उतरवून दिले, पेनड्राइव्हवर भरून दिले. ज्याच्या घरी फक्त टीव्ही आहे त्यालाही पाठ मिळाला पाहिजे, हे त्यांनी आधी पाहिले. आपल्याकडे कोविडच्या दिवसांत लिंक पाठवून शाळा मोकळ्या झाल्या, तेव्हा चार भावंडांत एक मोबाइल असलेल्या घराचा हिशेब किती जणांनी केला?

उलट्या वर्गात मास्तर फळ्यासमोर उभे नसतात. बाकांमधून फिरत असतात. हुशार मुले आधीही विचारत होतीच. आता मागच्या बाकावरचा, कधीच न विचारणारा मुलगाही रोज एकदा तरी मास्तरांच्या नजरेखाली येतो. त्याच्या वहीत चूक होते आहे ती होत असतानाच दिसते, सहामाहीच्या पेपरात नव्हे.

पडदा मुलांसमोर एक, बाईंसमोर दुसरा

घरी यंत्र नसेल तर? मग पाहणे आणि करणे दोन्ही शाळेत होऊ शकते. तिथे मुलांचे लॅपटॉप उपयोगी पडतात. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉस आल्टॉस इथल्या शाळांत पाचवी आणि सातवीच्या काही वर्गांनी खान अकॅडमीचे पाठ गणिताच्या तासाला वापरून पाहिले. (श्रीमंत वस्ती, संगणक कंपन्यांच्या शेजारची, हे लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे.) प्रत्येक मूल आपापल्या लॅपटॉपवर आपापल्या गतीने पाठ पाहते, सराव करते. खरी गंमत शिक्षकांच्या पडद्यावर आहे. तिथे वर्गातल्या प्रत्येक मुलाची एक ओळ आणि प्रत्येक घटकाचा एक चौकोन दिसतो: हिरवा म्हणजे जमले, निळा म्हणजे काम चालू, लाल म्हणजे अडले. बाई पडदा पाहतात आणि लाल चौकोनाच्या मुलाजवळ जाऊन बसतात. किंवा ज्याचा तोच चौकोन हिरवा झाला आहे, अशा मुलाला त्याच्याकडे पाठवतात.

यातून दिसलेली एक गोष्ट आईबापांनी ऐकण्यासारखी आहे. काही मुले एखाद्या घटकापाशी कितीतरी दिवस अडून राहतात. नेहमीच्या वर्गात त्यांच्यावर ‘कच्चा’ असा शिक्का बसला असता. पण तो एक अडसर दूर झाला की तीच मुले झपाट्याने पुढे जातात. सहा आठवड्यांनी पाहावे तर ती हुशारांच्या रांगेत. ज्या दिवशी चाचणी घेतली, त्या दिवसाचा शिक्का आयुष्यभर वागवायला लावणे किती चुकीचे आहे, हे नादियाच्या बाबतीतही दिसलेच होते.

आता आपल्या शाळेकडे येऊ. वर्गात अठ्ठेचाळीस मुले आणि शाळेकडे चालू स्थितीतले लॅपटॉप बारा. बहुतेक ठिकाणी काय होते? लॅपटॉप संगणककक्षात कुलुपात राहतात, आठवड्यातून एक तासिका मिळते, एका यंत्रावर चौघे बसतात, त्यांतला एक माउस धरतो आणि तिघे पाहतात. यापेक्षा वर्गाचे चार गट करावेत. बारा मुले लॅपटॉपवर पाठ पाहतील, कानात इअरफोन असेल. बारा जण वहीत उदाहरणे सोडवतील, बारा जण जोड्या करून एकमेकांना तोंडी विचारतील आणि उरलेले बारा बाईंच्या टेबलाभोवती. बाईंचा हा गट बारा जणांचाच; अठ्ठेचाळीस जणांसमोर जे कधीच जमत नाही ते इथे जमते. जोडतासिकेत ठरावीक वेळाने गट फिरवले की चारही गटांची पाळी येते. पहिल्या आठवड्यात गोंगाट होतो, दुसऱ्यात कमी. वर्गपाळी फिरवणाऱ्या मॉनिटरचा रुबाब वाढतो, तो सहन करावा लागतो.

बारीकसारीक गोष्टी बिघडल्या तर सगळाच बेत बिघडतो. चार्जिंग कोण करणार? सायंकाळी शाळा सुटल्यावर एक्स्टेन्शन बोर्डला बारा वायरी लावणाऱ्या शिपायाला हे काम नेमून दिले आहे का? पाठ आधीच उतरवून ठेवले आहेत, की बाई नेटच्या गोल फिरणाऱ्या चक्राकडे पाहत उभ्या राहणार? आणि बाई बोलू लागल्या की लॅपटॉपची झाकणे अर्धी खाली झाली पाहिजेत. हा शिस्तीचा सोस नव्हे. २०१३ मध्ये कॅनडात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना व्याख्यान चालू असताना लॅपटॉपवर इतर कामे करायला सांगितली होती. त्यांचे गुण घसरलेच. पण जे स्वतः वहीत लिहीत होते आणि ज्यांना फक्त दुसऱ्याचा चाळवणारा पडदा दिसत होता, त्यांचेही गुण सुमारे १७ टक्क्यांनी कमी आले. मुलगा लक्ष देतो आहे एवढे पुरत नाही, पुढच्या बाकावरचा पडदा काय दाखवतो आहे हेही पाहावे लागते.

लाखो लॅपटॉप वाटले, आणि…

यंत्र दिले की शिक्षण आपोआप सुधारते, या समजुतीची मोठी परीक्षा झालेली आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले निकोलस निग्रोपॉन्टी यांनी २००५ मध्ये जगातल्या प्रत्येक गरीब मुलाला शंभर डॉलरचा लॅपटॉप देण्याची कल्पना मांडली. हिरव्या-पांढऱ्या रंगाचे, दणकट, खेळण्यासारखे दिसणारे यंत्र. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये ही योजना नाकारली. तरी प्रयोग म्हणून २००७ मध्ये ते लॅपटॉप आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जतच्या बाजूला खैराट-धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत आले होते.

सर्वांत मोठी खरेदी केली ती दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने: आठ लाखांहून अधिक लॅपटॉप. तिथल्या ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांची पाहणी करून अभ्यासकांनी २०१२ मध्ये निष्कर्ष मांडला. मुलांच्या हातात यंत्रे खरेच पोहोचली होती, मुले ती वापरतही होती. पण गणितात आणि भाषेत, लॅपटॉप मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांत फरक आढळला नाही. तर्कबुद्धीच्या चाचण्यांत थोडी प्रगती दिसली, तीही नोंदवायला हवी. शाळांत इंटरनेट जवळजवळ नव्हते, शिक्षकांना तयारीला वेळ थोडका मिळाला होता आणि तास पूर्वीसारखेच चालले होते. लॅपटॉप आला, पण अवघड काम जिथे होत होते तिथेच राहिले.

त्याच खंडातल्या छोट्या उरुग्वेची गोष्ट वेगळी, आणि मला जास्त शिकवणारी. त्या देशाने २००७ मध्ये ‘प्लॅन सेइबाल’ सुरू करून दोन वर्षांत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला लॅपटॉप दिला. पहिल्या काही वर्षांत गणित-वाचनात तिथेही फरक दिसला नाही. पण ते तिथे थांबले नाहीत. त्यांची एक जुनी अडचण होती: इंग्रजी शिकवणारे शिक्षक पुरेसे नव्हते. २०१२ मध्ये त्यांनी एक युक्ती काढली. आठवड्यातून एक दिवस वर्गातल्या मोठ्या पडद्यावर इंग्रजीचा शिक्षक थेट येतो. तो दुसऱ्या शहरात असेल, दुसऱ्या देशातही असेल. मुले त्याच्याशी बोलतात, तोही मुलांना नावाने विचारतो. उरलेले दोन दिवस वर्गाच्या नेहमीच्या बाई त्याच धड्याचा सराव घेतात. या बाईंना स्वतःला इंग्रजी येत नाही! त्या मुलांबरोबर शिकतात. पडद्यावरचे सर आणि वर्गातल्या बाई आठवड्याचे नियोजन आधी एकमेकांशी बोलून करतात.

म्हणजे पडद्यावरच्या माणसाला विषय येतो आणि वर्गातल्या माणसाला मुले कळतात. कोण रडवेले झाले आहे, कोण मुद्दाम गप्प आहे, कुणाच्या घरी काल काय झाले, हे पडद्याला दिसत नाही. कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या ज्या शाळांत गणित-विज्ञानाच्या शिक्षकाची जागा वर्षानुवर्षे रिकामी असते, त्यांनी ही जोडी पाहण्यासारखी आहे. अर्थात रिकामी जागा न भरण्याचे निमित्त म्हणून पडदा टांगला जाऊ नये. तसे होण्याची भीती खरी आहे.

आपल्याच देशातला पुरावाही हेच सांगतो. २०१५ मध्ये दिल्लीत सरकारी शाळेतल्या मुलांसाठी शाळेबाहेरची केंद्रे चालत होती. तिथे ‘माइंडस्पार्क’ नावाची संगणक-प्रणाली वापरली जाई. दीड तासातला अर्धा वेळ मूल संगणकावर आणि अर्धा वेळ लहान गटात शिक्षकाबरोबर. कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६१९ मुलांवर केलेला याचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिली धक्कादायक गोष्ट संगणकाने दाखवली: सहावीत बसलेली मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. म्हणजे बाई सहावीचे शिकवत होत्या आणि मूल तिसरी-चौथीत अडकलेले होते. प्रणालीने प्रत्येकाला तो जिथे आहे तिथून प्रश्न द्यायला सुरुवात केली. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हीत स्पष्ट प्रगती दिसली. पूर्वी सर्वांत मागे असलेल्यांना ती त्या मानाने जास्त लाभली, कारण नेहमीच्या वर्गात ती मुले जवळजवळ जागची हललेलीच नव्हती.

पाठ कोणता, कोणत्या जबानीत

सगळे व्हिडिओ सारखे नसतात. मोठ्या विद्यापीठांच्या एडएक्स या मंचावर पाठ पाहिल्याच्या ६९ लाख नोंदी तपासून २०१४ मध्ये असे दिसले की सहा मिनिटांपलीकडे पाहणाऱ्याचे लक्ष टिकणे अवघड जाते. छापील पाट्या दाखवणाऱ्या पाठापेक्षा हाताने लिहीत लिहीत समजावणारा पाठ लोक अधिक वेळ पाहतात. म्हणजे आपल्या मास्तरांचा खडू-फळा काही वाईट नव्हता. पाऊण तासाचा झगमगीत ॲनिमेशनपट दाखवणारी शाळा पाहिली की मला हे आठवते.

दुसरा धोका जास्त फसवा आहे. ऑस्ट्रेलियातले विज्ञान-अभ्यासक डेरेक मुलर यांनी सिडनी विद्यापीठात २००८ मध्ये याच विषयावर संशोधन केले. वर फेकलेला चेंडू हवेत असताना त्याच्यावर कोणते बल असते? बहुतेकांना वाटते, हाताने दिलेला जोर चेंडूबरोबर वर जात असतो. खरे तर, हवेचा विरोध सोडला तर, चेंडूवर फक्त गुरुत्वाकर्षण असते, खाली ओढणारे. मुलर यांनी काही विद्यार्थ्यांना सरळ, स्पष्ट समजावणारा पाठ दाखवला. त्यांना तो सोपा वाटला, आवडला. आणि त्यांचे उत्तर होते तसेच चुकीचे राहिले! कारण पाठ ऐकताना त्यांना आपलेच म्हणणे ऐकू येत होते. ज्या पाठात आधी ती चूक बोलून दाखवली, तिच्यावर वाद घातला आणि मग ती खोडली, तो पाठ पाहणाऱ्यांना गोंधळात टाकणारा वाटला, पण ते शिकले. ‘व्हिडिओ छान होता, सगळं समजलं’ असे मूल म्हणते तेव्हा ‘मग हे एक करून दाखव’ म्हणावे.

आणि भाषा. आपल्या घरांत कुठे कोकणी बोलतात, कुठे दखनी, कुठे मराठी. शाळा मराठी किंवा उर्दू माध्यमाची. आणि कंपनीकडून विकत आलेला पाठ इंग्रजीत. मुलीला त्रिकोण कळत नाही असे आपण समजतो, तिला प्रत्यक्षात तो शब्द कळलेला नसतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले, ज्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला, त्यांचे नाव पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमुळे सर्वांना माहीत झाले. कोड मोबाइलने टिपला की पाठ उघडतो. पण त्याआधी त्यांनी केलेली गोष्ट कमी सांगितली जाते: शाळेतल्या मुलांच्या घरची भाषा कन्नड होती, म्हणून ते कन्नड शिकले. बालभारतीची पुस्तके मराठीबरोबर उर्दूतही निघतात, त्यांतल्या कोडवरचे पाठ शाळेने आधी स्वतः पाहून निवडलेले आहेत का, एवढे तरी पालक विचारू शकतात. आणि याहून सोपा उपाय म्हणजे वर्गाच्या बाईंनीच आपल्या बोलीत, आपल्या मोबाइलवर पाच मिनिटांचा पाठ रेकॉर्ड करणे. वहीचा कागद, पेन, वरून धरलेला मोबाइल, बस. मुलांना ओळखीचा आवाज लागतो.

घरी पाठ पाहताना एक साधी पद्धत उपयोगी पडते. वही उघडी, पेन हातात. व्हिडिओतले उदाहरण सुरू झाले की तो थांबवायचा, स्वतः सोडवायचे, मग पुढे पाहायचे. शेवटी न कळलेली एक तरी गोष्ट प्रश्नाच्या रूपात लिहायची. उद्या बाईंना तोच प्रश्न दाखवायचा. अम्मीला अवयव पाडता आले नाहीत तरी वहीत प्रश्न लिहिला आहे का हे ती पाहू शकते, आणि ते पाहणे फुकटचे काम नव्हे. घरात मोबाइल एकच असेल तर पाळी कुणाची हेही तिनेच ठरवावे. बहुतेक घरांत तो आधी मुलाच्या हातात जातो, मुलीची पाळी येईपर्यंत बॅटरी तरी संपते नाहीतर डेटा तरी. सहा मिनिटांच्या पाठाला सहाच मिनिटे लागतात. तेवढ्यासाठी भावाने मोबाइल खाली ठेवायला हरकत नसावी.

शाळेत हे सगळे कुठे बोलायचे, असा प्रश्न काही भगिनी विचारतात. त्यासाठी जागा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक केली. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. अल्पसंख्याक संस्थांच्या अनुदानित शाळांत ही समिती सल्ला देण्यापुरतीच असते, पण सल्ला द्यायला तरी ती बसली पाहिजे. बैठकीत लॅपटॉप किती घेतले हे सांगितले जाते. विचारायचे ते असे: संगणककक्षाचे कुलूप आठवड्यातून किती तास उघडे असते, आमच्या मुलीच्या वर्गाची पाळी कोणत्या वारी येते, आणि त्या तासाला बाई कुठे बसलेल्या असतात.